तार वाचवण्याचे गणित

पहिले महायुद्ध संपले, ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले आणि चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश उभा राहिला. त्या देशातल्या दक्षिण मोरावियाच्या खेड्यांत अजून वीज पोचायची होती. १९२० नंतरच्या वर्षांत हे काम ब्र्नो शहरातल्या पश्चिम मोराविया वीज कंपनीने हाती घेतले. गावे विखुरलेली होती, तार महाग होती, आणि प्रत्येक गावापासून प्रत्येक गावापर्यंत तार ओढणे कोणालाच परवडणारे नव्हते. एकही गाव अंधारात राहू नये आणि तरीही तारेची एकूण लांबी कमीत कमी असावी, तर कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत तार न्यायची? कंपनीतल्या ओळखीच्या लोकांनी हा प्रश्न ब्र्नोमधल्या ओटाकार बोरूव्का या तरुण गणितज्ञापुढे ठेवला. बोरूव्का तांत्रिक शाळांत शिकलेले होते आणि अभियंत्यांचे प्रश्न त्यांना हलके वाटत नसत. १९२६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी त्याचे पूर्ण उत्तर छापले. इलेक्ट्रॉनिक संगणक तेव्हा जगात कुठेही नव्हता. तरीही आज संगणकशास्त्राच्या वर्गात ग्राफ आणि ट्री शिकवताना जी पद्धत फळ्यावर लिहितात, ती अशा रीतीने गावागावांत वीज नेण्याच्या कामातून निघालेली आहे.

या संकल्पना संगणकाबरोबर आल्या, यंत्राच्या गरजेतून घडल्या, असे विद्यार्थ्याला सहज वाटते, कारण त्या त्याला तिथेच पहिल्यांदा भेटतात. इतिहास निराळे सांगतो. ग्राफ आणि झाड यांच्यामागचा विचार दोनशे वर्षे तुकड्यातुकड्यांनी जगात वावरत होता. कधी तो पुलांच्या कोड्यात होता, कधी विजेच्या मंडलात, कधी रसायनांच्या रचनेत. त्याला एकत्र यायला जो उशीर झाला त्याचे कारण यंत्राच्या अभावापेक्षा शब्दांच्या अभावात शोधावे लागते. संकल्पनेला नाव आणि व्याख्या मिळेपर्यंत ती एका माणसाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत नीट जात नाही, आणि तोवर तिचा शोध पुन्हा पुन्हा लावावा लागतो. हेच माझे या लेखातले प्रतिपादन आहे, आणि बोरूव्कांच्या लेखांइतका त्याचा बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आधी संकल्पना स्पष्ट करू. ग्राफ म्हणजे शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो आलेख नव्हे. इथे ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या रेषा, एवढेच. बिंदू कागदावर कुठे मांडले, रेषा सरळ आहे की वाकडी, याला महत्त्व नाही. कोण कोणाला जोडलेले आहे, एवढ्यालाच आहे. बिंदू गावे असतील तर रेषा रस्ते असतील. बिंदू माणसे असतील तर रेषा ओळखी. एखाद्या बिंदूपासून निघून, कोणतीही रेषा दोनदा न वापरता त्याच बिंदूवर परत येता आले, तर त्या वाटेला चक्र म्हणायचे. ज्या ग्राफमध्ये सगळे बिंदू एकमेकांशी जोडलेले आहेत पण चक्र एकही नाही, तो ग्राफ म्हणजे झाड, अर्थात ट्री. त्यातल्या कोणत्याही दोन बिंदूंमध्ये जायला एकच वाट असते. शंभर गावांच्या झाडात बरोबर नव्व्याण्णव तारा असतात. त्यांतली एक तोडली की जाळ्याचे दोन तुकडे पडतात, आणि एक जादा ओढली की लगेच चक्र तयार होते. जोडलेले राहण्यासाठी लागते तेवढेच आणि त्याहून तसूभरही जास्त नाही, असे हे झाडाचे रूप आहे. मोरावियाच्या कंपनीला नेमके तेच हवे होते: सर्व गावांना कवेत घेणारे, सर्वांत कमी तार लागणारे झाड.

बोरूव्कांची रीत शेतकऱ्यालाही पटेल इतकी साधी आहे. प्रत्येक गावाने आपल्या सर्वांत जवळच्या गावाशी तार जोडायची. एवढ्याने गावांचे लहान लहान गट तयार होतात. मग प्रत्येक गटाने आपल्याबाहेरच्या सर्वांत जवळच्या गावाशी तार जोडायची. सगळी गावे एकाच गटात येईपर्यंत हेच करत राहायचे. प्रत्येक फेरीत गटांची संख्या निदान निम्मी होते, म्हणून हजार गावे असली तरी दहा फेऱ्यांत काम संपते. एक अट मात्र पाळावी लागते: कोणतीही दोन अंतरे तंतोतंत सारखी नसावीत. सारखी असली तर तीन गावे गोल फिरून एकमेकांना निवडू शकतील आणि नको असलेले चक्र तयार होईल. बोरूव्कांनी ही अट आपल्या प्रश्नाच्या मांडणीतच घालून ठेवली होती. त्यांनी किती काळजीपूर्वक विचार केला होता हे एवढ्यावरूनही कळते.

आता पुराव्याकडे येऊ. हाच विषय बोरूव्कांनी १९२६ मध्ये दोन ठिकाणी लिहिला. ब्र्नोच्या निसर्गविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा गणिती लेख आला, तो बावीस पानांचा. विद्युत अभियंत्यांच्या नियतकालिकात त्याच विचारावरचा दुसरा लेख आला, तो दोन पानांचा. गणिती लेखात ग्राफ हा शब्द नाही आणि झाड हाही नाही. तिथे प्रश्न संख्यांच्या एका चौकोनी तक्त्यावर उभा केलेला आहे, आणि सगळी सिद्धता त्या तक्त्यातल्या संख्यांच्या खुणा सांभाळत, पायरी पायरीने चालते. वाचणाऱ्याला गावेही दिसत नाहीत आणि ताराही दिसत नाहीत. आज तीच सिद्धता किती लांब होते ते पाहा. समजा, एका गावातून निघणारी सर्वांत आखूड तार सर्वोत्तम जाळ्यात नाही. ती त्यात घाला. झाडात एक जादा तार आली म्हणून चक्र तयार झाले. ते चक्र त्या गावातून दुसऱ्या एका तारेने बाहेर पडते, आणि ती तार पहिलीपेक्षा लांब आहे. ती काढून टाका. जाळे जोडलेलेच राहिले आणि तार कमी लागली, म्हणजे आधीचे जाळे सर्वोत्तम नव्हतेच. गावाच्या जागी गट ठेवला तरी तर्क हाच राहतो. झाड आणि चक्र हे दोन शब्द हाताशी होते म्हणून हे पाच-सहा वाक्यांत आटोपले. बोरूव्कांकडे बुद्धी भरपूर होती, पण हे शब्द नव्हते.

इथे एक आक्षेप बोरूव्कांच्या लेखांमधूनच निघतो. शब्द नसताना अभियंत्यांना दोन पानांत समजावता आले, मग शब्दांची मातब्बरी ती काय? माझ्या मते त्या दोन पानांनी उलटीच गोष्ट सिद्ध होते. रीत समजावायला ठिपके आणि रेषा पुरतात. ती कोणत्याही गावांसाठी, कोणत्याही अंतरांसाठी, नेहमीच सर्वांत कमी तारेचे जाळे देते हे दाखवायला मात्र चित्र पुरत नाही, कारण चित्र एकाच उदाहरणाचे असते. तिथे व्याख्या लागते. अभियंत्याला रीतीवर काम भागवता आले, गणितज्ञाला सिद्धता द्यायची होती, आणि दोन पाने व बावीस पाने यांच्यातले अंतर हे त्या काळी उपलब्ध नसलेल्या परिभाषेचे माप आहे. अर्थात लांबीचा सगळा दोष परिभाषेवर टाकणेही बरोबर होणार नाही. प्राग शहरातले गणितज्ञ व्होयट्येख यार्निक यांनी बोरूव्कांचा लेख वाचला, त्यांना पत्र लिहिले, आणि १९३० मध्ये त्या पत्रावरून तयार केलेला सात पानांचा लेख त्याच नियतकालिकात छापला. यार्निकांची रीत वेगळी होती: कोणत्याही एका गावापासून सुरुवात करायची आणि आतापर्यंत जोडलेल्या गावांना सर्वांत जवळ असलेले नवे गाव प्रत्येक वेळी जोडत जायचे. परिभाषा त्यांच्याकडेही नव्हती, तरी रीतच निराळी असल्याने लेखन आटोपशीर झाले. म्हणजे शब्दांचे वजन मोठे आहे, पण सगळे वजन त्यांचेच नाही.

ते शब्द आले कुठून, हे पाहायला मागे जावे लागते. लिओनार्ड ऑयलर यांनी १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवून दाखवले. प्रेगेल नदीने त्या शहराचे चार भाग केले होते आणि सात पूल त्यांना जोडत होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे फिरता येईल का, हा प्रश्न होता. ऑयलर यांनी प्रत्येक भागाला किती पूल लागतात ते मोजले: एकाला पाच, उरलेल्या तिघांना प्रत्येकी तीन. मधल्या प्रत्येक भागात जितक्या वेळा शिरायचे तितक्याच वेळा बाहेर पडायचे असते, म्हणून तिथले पूल सम संख्येत हवेत. विषम असलेले भाग फार तर दोन चालतील, एक निघण्याचा आणि एक पोचण्याचा. इथे चारही विषम, म्हणून फेरी अशक्य. या लेखाने ग्राफ सिद्धांत जन्मला असे पुस्तके सांगतात, आणि बहुतेक पुस्तकांत शेजारी चार ठिपक्यांचे आणि सात रेषांचे चित्रही असते. ते चित्र ऑयलर यांच्या लेखात नाही. त्यांनी नदीचा नकाशा काढला आणि अक्षरांच्या ओळी लिहिल्या. ठिपक्यांचे चित्र दीडशेहून अधिक वर्षांनी, १८९२ मध्ये, राउझ बॉल यांच्या गणिती मनोरंजनाच्या पुस्तकात दिसते. ऑयलर यांना निष्कर्ष सापडला होता, वस्तू अजून सापडलेली नव्हती.

वस्तूचे पुढचे दर्शन घडवणारे गुस्टाव्ह किरखॉफ योगायोगाने त्याच कोनिग्सबर्गमध्ये जन्मले आणि तिथेच शिकले. १८४७ मध्ये विजेच्या गुंतागुंतीच्या मंडलात प्रत्येक तारेतून किती प्रवाह जाईल हे काढताना, किती स्वतंत्र समीकरणे मांडावी लागतील असा प्रश्न त्यांना पडला. मंडलातली चक्रे मोडायला कमीत कमी किती तारा काढाव्या लागतात, हे त्याचे उत्तर निघाले. त्या काढल्यावर जे उरते ते झाडच असते. मोरावियाच्या सत्तर-ऐंशी वर्षे आधी विजेच्या तारांतच झाड दिसले होते, पण त्याला तेव्हा ते नाव मिळाले नाही. झाड हा शब्द दहा वर्षांनी, १८५७ मध्ये, आर्थर केली यांनी वापरला. ते तेव्हा लंडनमध्ये वकिली करून उरलेल्या वेळात गणित करत होते, आणि त्यांना हा शब्द कलनशास्त्रातल्या काही क्रियांची मोजणी करण्यासाठी हवा होता. पुढे तीच मोजणी त्यांनी कार्बनच्या संयुगांना लावली. ब्यूटेनमधले चार कार्बन अणू दोन तऱ्हांनी जोडता येतात, पेंटेनमधले पाच तीन तऱ्हांनी; हे झाडे मोजणेच आहे. रसायनांच्या याच रेखाचित्रांवरून जेम्स सिल्व्हेस्टर यांनी १८७८ मध्ये ग्राफ हा शब्द काढला. अखेर बुडापेस्टच्या डेनेश कोनिग यांनी १९३६ मध्ये लाइपझिगहून या विषयाचे पहिले पद्धतशीर पुस्तक प्रसिद्ध केले. पूल, मंडले, संयुगे आणि कोडी हे सगळे एकाच व्याख्येखाली पहिल्यांदा तिथे एकत्र आले. बोरूव्कांच्या लेखानंतर दहा वर्षांनी.

मराठी वाचक इथे विचारेल, झाडाची कल्पना इतकी नवी कशी? आमच्या कुलवृत्तांतांत मूळ पुरुषापासून निघालेल्या वंशावळी आहेत, त्यांना आपण वंशवृक्षच म्हणतो, आणि जगात इतरत्रही अशी झाडे जुनी आहेत. आक्षेप रास्त आहे, पण वंशावळीतच त्याचे उत्तर आहे. बापाकडून मुलाकडे अशी एकच रेषा धरून लिहिली, तोवर वंशावळ खरोखर झाड असते. आईकडचीही नाती तिच्यात मांडायला घेतली आणि घराण्यात मामाच्या मुलीशी लग्न झालेले असले, की दोन फांद्या खाली पुन्हा एकत्र येतात, चक्र बनते, आणि झाड राहत नाही. कुलवृत्तांत लिहिणाऱ्याला याची अडचण वाटत नाही, कारण त्याला झाडाचे चित्र हवे असते, झाडाची व्याख्या नको असते. केलींनी झाडाकडे मोजण्याची वस्तू म्हणून पाहिले आणि कोनिग यांनी त्याचे गुणधर्म सिद्ध केले, तेव्हाच कुठे झाड आहे आणि कुठे नाही हे निश्चित सांगता येऊ लागले.

पुस्तकानंतर वेग बदलला. १९५६ मध्ये जोसेफ क्रस्कल यांनी तोच तारेचा प्रश्न तीन पानांत सोडवला, आणि शीर्षकातच ग्राफ व झाड हे शब्द आहेत. त्यांची रीत अशी: सगळ्या संभाव्य तारा आखूड ते लांब अशा क्रमाने लावा आणि चक्र न करणारी प्रत्येक तार घेत जा. १९५७ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या रॉबर्ट प्रिम यांनी टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनींचे दर ठरवण्याच्या निमित्ताने, आणि १९५९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एड्सखर डायक्स्ट्रा यांनी, यार्निकांचीच रीत पुन्हा शोधून काढली. दोघांनाही यार्निक ठाऊक नव्हते. डायक्स्ट्रांचा लेखही तीनच पानांचा आहे आणि त्यात दोन प्रश्नांची उत्तरे आहेत. दुसरे म्हणजे दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेची आज सर्वत्र वापरली जाणारी रीत. पहिला प्रश्न तारेचाच: त्यांच्या सहकाऱ्यांना एक्स-१ या संगणकाच्या पाठीमागची जोडणी करताना तांब्याची तार वाचवायची होती. गावांच्या जागी टोके आली, मैलांच्या जागी इंच आले, प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला. अमेरिकेत लोबरमन आणि वाइनबर्गर हेही १९५७ मध्ये टोके कमीत कमी तारेने जोडण्याच्या याच कामावर लिहीत होते. चार वर्षांत इतके जण एकाच उत्तरापाशी आले, ते सर्वांकडे आता एकच भाषा होती म्हणून, असे मी मानतो.

यावर असे म्हणता येईल की बोरूव्का आणि यार्निक मागे पडले ते चेक भाषेत लिहिल्यामुळे. परिभाषेचा प्रश्नच नव्हता. यार्निकांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. लहान भाषांत लिहिणाऱ्यांवर हा अन्याय वारंवार होतो. पण बोरूव्कांच्या बाबतीत हे पुरेसे नाही. क्रस्कल आपल्या लेखात सांगतात की बोरूव्कांच्या लेखाचे, कोणी केले ते कळत नाही असे, टंकलिखित भाषांतर काही वर्षांपूर्वी हातोहात फिरत होते आणि त्यावरूनच त्यांना हा प्रश्न सुचला. भाषेची भिंत ओलांडली गेली होती. तरीही क्रस्कल यांना ती बांधणी नाहक गुंतागुंतीची वाटली. भाषांतर झाल्यावरही जे अवघड राहिले, त्याचे मूळ संख्यांच्या तक्त्यात होते.

सर्वांत वजनदार आक्षेप यंत्राचा आहे. संगणक आला नसता तर हे सगळे ग्रंथालयात पडून राहिले असते, असे कोणी म्हटले तर मी निम्मे मान्य करेन. यंत्राने प्रश्न बदलला. कमीत कमी तार कोणती, याच्या जोडीला ती शोधायला किती पायऱ्या आणि किती स्मृती लागेल, हे विचारणे भाग पडले. डायक्स्ट्रा आपली रीत क्रस्कल यांच्या रीतीपेक्षा बरी ठरवतात ती याच निकषावर: सगळ्या तारांची यादी आधी क्रमाने लावून साठवावी लागत नाही. १९६२ मध्ये मॉस्कोच्या अदेल्सन-व्हेल्स्की आणि लांडिस यांनी माहिती साठवण्यासाठी स्वतःचा तोल सांभाळणारे झाड दिले, तिथून झाडाला आणखी एक काम मिळाले. प्रत्येक टप्प्यावर डावे की उजवे एवढेच विचारत गेले तर दहा लाख नोंदींतून हवी ती नोंद साधारण वीस प्रश्नांत सापडते, आणि तोल राखणाऱ्या झाडाला त्याहून थोडेच जास्त लागतात. हा उपयोग यंत्राचाच. पण निम्मे होत जाण्याचा तो हिशेब बोरूव्कांच्या फेऱ्यांत आधीच होता, आणि यंत्राला जी वस्तू वापरायला मिळाली तिची व्याख्या तयार होती.

झाडाविरुद्ध मोरावियाच्या अभियंत्यानेही एक तक्रार केली असती: एक तार तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. काटकसर आणि भरवसा यांचे जमत नाही. म्हणून संगणकांच्या जाळ्यात मुद्दाम जादा जोडण्या ठेवतात. मग चक्रे होतात, आणि इथरनेटमधला संदेश त्या चक्रात फिरतच राहून सगळे जाळे बंद पाडू शकतो. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी यावर तोडगा काढला. तारा ग्राफसारख्या राहू द्यायच्या, पण जोडणी करणाऱ्या उपकरणांनी आपसांत संदेश पाठवून त्यांतले एक झाड निवडायचे आणि उरलेल्या वाटा मिटून ठेवायच्या. एखादी तार तुटली की मिटलेली वाट उघडून नवे झाड निवडायचे. या उपकरणांना पूल असेच म्हणतात. ग्राफ आणि झाड यांतला फरक नीट माहीत असल्याशिवाय हा तोडगा सुचणेसुद्धा शक्य नव्हते.

बोरूव्कांची रीत पुढे पुन्हा मोलाची ठरली, कारण तिच्यात सगळे गट एकाच वेळी आपापली तार निवडू शकतात आणि अनेक संगणकांना काम वाटून देता येते. कार्गर, क्लाइन आणि टार्जन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली वेगवान पद्धत तिच्याच फेऱ्यांवर उभी आहे. त्याच वर्षी जुलैत बोरूव्का ब्र्नोमध्ये वारले; ते शहाण्णव वर्षांचे होते. त्यांच्या १९२६ च्या दोन्ही लेखांचे इंग्रजी भाषांतर, ग्राफच्या परिभाषेतल्या टिपांसह, २००१ साली प्रसिद्ध झाले.